निबंध रद्द, मंगळवार कायम

पत्र :

ताई, नमस्कार. मी दांडिया बाजारात राहते. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. यजमान गेल्यापासून माडीवरच्या दोन खोल्या युनिव्हर्सिटीतल्या मुलांना भाड्याने देते. सध्या तिथे एक अफगाण मुलगा आहे, शिष्यवृत्तीवर शिकायला आलेला. अतिशय सालस. मला आंटी म्हणतो आणि न सांगता पिण्याचं पाणी भरून ठेवतो. त्याची धाकटी बहीण सतरा वर्षांची आहे. सातवीत होती तेव्हा तिची शाळा बंद झाली ती कायमचीच. जूनमध्ये त्याने भीत भीत विचारलं, तिला गणित शिकवाल का? तेव्हापासून मंगळवार-शुक्रवार दुपारी चारला मी तिला फोनवर शिकवते. मालिका बघून बघून तिला हिंदी छान येतं. पोर विलक्षण हुशार आहे.

गणपतीत, सातव्या दिवशीच्या विसर्जनाला तास चालू असताना आमच्या गल्लीत फटाक्यांची लड लागली. तिचा कॅमेरा बंद झाला. नंतर अर्धा तास नुसतं 'जी, जी'. मला फार वाईट वाटलं. या पोरीच्या मनात किती काय साठलं असेल, कोणीतरी तिला मोकळं करायला हवं, असं वाटून २६ सप्टेंबरच्या शुक्रवारी मी तिला हिंदीत निबंध लिहायला सांगितला : 'माझ्या आयुष्यातला सर्वांत भीतीचा दिवस'. मंगळवारी ती आली नाही. त्यानंतर आजतागायत आलेली नाही. दिवाळीसुद्धा होऊन गेली. भाऊ म्हणतो, ती बरी आहे, घरात काम असतं. मी तिला दुखावलं का? माफी कशी मागू? पुण्याचा मुलगा म्हणतो, आई, नसत्या भानगडीत पडू नकोस. आणि मलाही प्रश्न पडतो, जिने जन्मात बंदुकीचा आवाज ऐकला नाही तिने अशा मुलीला काय म्हणून शिकवावं? शिवाय तो मुलगा फी देऊ करतोय. घ्यावी का?

— गणिताच्या एक बाई, बडोदे

उत्तर :

बाई,

तुमच्या पत्रात त्या मुलीचं नाव होतं, गाव होतं, वडिलांचं दुकान कशाचं ते होतं आणि भाऊ कुठल्या फॅकल्टीत आहे तेही होतं. छापताना ते सगळं मी काढलं. एक-दोन बारीक गोष्टी मुद्दाम बदलल्या. वार आणि तारखा मात्र तुमच्याच ठेवल्या, त्यांचं काम पुढे पडणार आहे.

पहिला सल्ला हाच समजा. आपण एका अफगाण मुलीला शिकवतो हे कुठेतरी सांगावंसं वाटणारच. भिशीत, हळदीकुंकवाला, शाळेतल्या जुन्या शिक्षिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. कौतुकही होईल. पण उद्या तिच्या वडिलांना कोणी बोलावून जाब विचारला तर दांडिया बाजारातलं कौतुक तिथे कामाला यायचं नाही. तास रेकॉर्ड करू नका, तिचा स्क्रीनशॉट काढू नका, फोनमध्ये तिचं पूर्ण नाव ठेवू नका. तुमचा मुलगा भानगड म्हणतो त्यात अर्धं तथ्य आहे. धोका आहे खरा, पण तो तुमच्या डोक्यावर नाही, तिच्या आहे. म्हणून तास घ्यायचे की नाहीत हे ठरवायचा अधिकारही पुण्याला नाही आणि तुम्हालाही नाही. तो तिचा आणि तिच्या घरच्यांचा. त्यांचं 'हो' एकदा भावाकडून नीट विचारून घ्या. जूनमधलं 'हो' नोव्हेंबरात टिकून असेलच असं नाही.

आता तारखा. शुक्रवारी २६ सप्टेंबरला तुम्ही निबंध दिलात. मंगळवारी ती आली नाही आणि तुम्ही लगेच दोन अन् दोन चार केले. बाई, तो मंगळवार ३० सप्टेंबर २०२५ होता. आदल्याच दिवशी, २९ तारखेला, अफगाणिस्तानात देशभरचं इंटरनेट बंद केलं गेलं आणि ते परत यायला १ ऑक्टोबर उजाडला. त्या दिवशी तुमचा निबंध तिच्या आवडीचा असता तरी ती दिसली नसती. वर्गात पोरगं गणित चुकलं की आपण आधी हातचा कुठे राहिला ते बघतो ना? तुमचा हातचा इथे राहिला. त्या देशातल्या मुलीच्या गैरहजेरीला वीज, नेट, पाहुणे, आईचं आजारपण, गल्लीत आलेली तपासणी अशी वीस कारणं असू शकतात. एकविसाव्या क्रमांकावर आपण.

पण त्यानंतरचे चार आठवडे नेटच्या नावावर खपवता येणार नाहीत, हे तुम्हालाही कळतं आणि मलाही. निबंधाचा विषय चुकला. तुमचा हेतू चांगला होता हे मला पत्रावरून दिसतं, पण हेतूकडे नंतर बघू.

माझी स्वतःची एक चूक सांगते. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर फेब्रुवारीत मी एका संस्थेबरोबर भुजकडे गेले होते. भूकंप म्हणजे युद्ध नव्हे, हे मान्य. पण तंबूतली मुलं, पडलेली शाळा आणि आमच्यासारखे बाहेरून आलेले उत्साही लोक, हे चित्र सगळीकडे सारखंच असतं. आम्ही मुलांना कागद-खडू वाटले आणि सांगितलं, 'भूकंपाचं चित्र काढा, मन हलकं होईल.' मुलांनी काढली. भेगा पडलेली घरं, आडवे झालेले खांब. आम्ही गहिवरलो, फोटो काढले, बिस्किटं वाटली. आठवड्याने दुसरी गाडी आली, त्यांनीही तेच सांगितलं. तिसऱ्या खेपेला एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला आणि गुजरातीत विचारू लागला, 'बेन, घर तुटलेलं काढायचं की आज साधं चालेल?' बिस्किटाला कुठलं घर लागतं ते त्या पोराने बरोबर ओळखलं होतं. मी त्याला साधं काढ म्हटलं. त्याने म्हैस काढली, चांगली अर्धा तास लावून, शिंगांना दोनदा काळा रंग देऊन.

त्या म्हशीनंतर मी कोणत्याही मुलाला 'तुझं दुःख सांग' असं म्हटलेलं नाही. पुढे कळलं की जाणकारही तेच म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची एक मार्गदर्शिका काढली. संकटातून आलेल्या माणसाशी साध्या माणसांनी कसं वागावं, ते तिच्यात आहे. तिचं सांगणं थोडक्यात असं : जवळ जा, गरज काय ते बघा, ऐका, योग्य मदतीशी गाठ घालून द्या, पण काय घडलं ते सांगायला कोणालाही भाग पाडू नका. आपल्याकडे समजूत उलटी. रडलं की मोकळं होतं, बोललं की हलकं वाटतं. होतं तसं कधी कधी. पण केव्हा, कोणापुढे आणि किती, हे बोलणाऱ्याने ठरवायचं असतं. सतरा वर्षांच्या मुलीला एका परक्या देशातल्या बाईंनी शुक्रवारी सांगून मंगळवारी मागावं, त्यातही परक्या भाषेत, मार्कांसारखं तपासायला, हे तिला कसं वाटलं असेल बघा. कदाचित तिने लिहायला घेतलंही असेल. कदाचित लिहून फाडलंही असेल, घरात असा कागद सापडू नये म्हणून. आपण ते विचारायचं नाही.

'मी काय म्हणून शिकवावं' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे ठाम आहे. तुम्ही गणिताच्या बाई आहात म्हणून. बंदूक ऐकलेली बाई तिला तिच्या देशात हवी तितकी मिळेल. समीकरण समजावणारी बाई मिळणार नाही.

तुम्ही बडोद्याच्या, फाइन आर्ट्सच्या गावात राहता, म्हणून एका चित्रकलेच्या बाईंबद्दल सांगते. फ्रिडल डिकर-ब्रँडाइस. १९४२ च्या डिसेंबरात नाझींनी त्यांना चेक भागातल्या तेरेझिनच्या छावणीत टाकलं. तिथे हजारो मुलं होती, बरीचशी आईवडिलांपासून तुटलेली. या बाईंनी चोरून चित्रकलेचे वर्ग घेतले. मुलांकडून त्यांनी काय काढून घेतलं? रेघांचे आणि लयीचे सराव, टेबलावरच्या वस्तू, फुलं, टाकाऊ कार्यालयीन कागदांची चिकटचित्रं, आठवणीतलं घर. थोडक्यात, एरवी वर्गात जे घेतलं असतं तेच. आणि चित्राखाली ज्याचं त्याने नाव लिहायचं, असा आग्रह. ज्या जागी माणसाला नंबर देत होते त्या जागी. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना आउशविट्झला नेऊन मारलं. त्यांच्या मुलांपैकीही बहुतेक वाचली नाहीत. दोन सूटकेसमध्ये ठेवलेली सुमारे साडेचार हजार चित्रं मागे राहिली, ती आज प्रागच्या संग्रहालयात आहेत. मी याला उपचार म्हणणार नाही, त्या बाईंनीही स्वतःला डॉक्टर समजून काही केलं नाही. त्यांनी चित्रकला शिकवली, आणि ती नीट शिकवली.

तर तुम्ही गणित शिकवा. मंगळवार, शुक्रवार, चार वाजता. तिच्याकडे तेव्हा तीन वाजलेले असतात, बरोबर एक तासाचा फरक. तिच्या आठवड्यात ठरल्या वेळी ठरलेली घडते अशी गोष्ट दुसरी कोणती असेल? १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये आले. महिनाभराने माध्यमिक शाळा मुलांसाठी उघडल्या, मुलींना सांगितलं की थांबा. २३ मार्च २०२२ ला मुलींच्याही शाळा उघडणार म्हणून जाहीर झालं, मुली दप्तरं घेऊन शाळेत गेल्या आणि काही तासांत त्यांना घरी पाठवलं गेलं. तुम्ही लिहिलं आहे की तुमची विद्यार्थिनीही त्या सकाळी गेली होती, नवीन बूट घालून. मग डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही बंद झाली. ज्या मुलीला 'उद्या सुरू होईल' हे वाक्य इतक्यांदा ऐकवलं गेलं, तिच्याशी वागताना आपण शब्द जपून द्यावेत. 'तू एक दिवस इंजिनिअर होशील' असलं काही बोलू नका. 'शुक्रवारी चारला समीकरणं' एवढंच बोला आणि शुक्रवारी चारला हजर राहा. डॉक्टरची वेळ असेल, सत्यनारायण असेल, तर दोन दिवस आधी कळवा. तुमची दांडी तिच्या दांडीपेक्षा जड पडते.

फटाक्यांचंही तेच. आवाजापेक्षा तो अचानक येण्याचा त्रास जास्त असतो. पुढच्या वेळी लग्नसराई असो, क्रिकेटची मॅच असो, तास सुरू होतानाच सांगा : आज आमच्याकडे वरात आहे, फटाके वाजतील, मी माइक बंद ठेवून फळ्यावर लिहीन, तुला नको असेल तर आपण शुक्रवारी भेटू. निवड तिच्या हातात. कॅमेरा बंद केला तर 'काय झालं बेटा' असं विचारू नका. एका मिनिटाने म्हणा, 'पुढचं उदाहरण वाचते आहे.' तुमचा आवाज चालू राहिला की ती परतते. आणि नाही परतली तर त्या दिवशी तेवढंच.

(इथे एक आगाऊपणा करते. तुमच्या गल्लीतल्या मंडळाला हे सांगून काही उपयोग आहे का? माझा अनुभव तरी नाही असाच आहे.)

आता शिकवण्याविषयी थोडं, कारण पत्रात तुम्ही एका ओळीत लिहून गेलात की 'गुजरात बोर्डाच्या आठवीच्या पुस्तकातून घेते, पण तिला पाया कच्चा असल्याची लाज वाटते'. बाई, आठवीचं हे पुस्तक बाजूला ठेवा. भावाला सांगून तिच्या स्वतःच्या सातवीच्या गणिताच्या पुस्तकाचे फोटो मागवा, ती जिथे सुटली तिथले. कोल्हापूरजवळच्या वळिवडेबद्दल तुम्ही ऐकलं असेल. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छळातून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक १९४३ पासून पाचेक वर्षं तिथे राहिले, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. आपण त्यांना जागा दिली. शाळा मात्र त्यांच्या त्यांनी चालवल्या, शिक्षक त्यांचे, भाषा त्यांची. उद्या परत जायचं किंवा आणखी कुठे जायचं तर मूल आपल्या शिक्षणाच्या धाग्यावर असावं, हा त्यात शहाणपणा होता. तुमची विद्यार्थिनीही कुठे जाईल, कुठे राहील, काही सांगता येत नाही. तिचा धागा तिच्या पुस्तकात आहे.

दारीमधलं, म्हणजे अफगाणिस्तानातल्या फारसीतलं, पुस्तक तुम्हाला वाचता येणार नाही, पण ते तिला वाचायला लावा आणि तुम्ही ऐका. तुमच्या लक्षात येईल की अर्धे शब्द आपल्या घरचेच आहेत. हिशेब, हजार, कागद, जमा. भागाकारात उरते तिला आपण बाकी म्हणतो, ते म्हणतात बाकीमांदा. शेकडो वर्षांपूर्वी फारसीतून आलेले शब्द आपण पाटीवर इतके गिरवले की ते परके आहेत हे विसरलो. हे तिला सांगा. आणि बदल्यात तिला आपली पावकी-निमकी-दिडकी म्हणून दाखवा. सातवीतल्या अपूर्णांकाला घाबरणाऱ्या मुलीला, आमच्या आज्या पाऊण आणि सव्वा तोंडपाठ म्हणायच्या, हे ऐकून हसू येईल. हसू आलं की लाज जराशी कमी होते.

'उशीर झाला' या भीतीबद्दल तिला भाषण देऊ नका, पण तुमच्या मनात मात्र एक गोष्ट असू द्या. १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून बारा वर्षांचा एक शेतकरी मुलगा बडोद्याला दत्तक आला. त्याचं खरं शिक्षण तेव्हा सुरू झालं. १८८१ मध्ये त्याने कारभार हाती घेतला, १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लावला, मुलींनासुद्धा. अर्थात सयाजीरावांना राजवाडा होता, शिक्षक नेमलेले होते आणि कोणी शाळेच्या दारावर बंदूक घेऊन उभा नव्हता. म्हणून उदाहरण म्हणून हे तिच्यापुढे ठेवू नका, टोचेल. पण तुम्ही स्वतः जेव्हा 'चार वर्षं मागे आहे' असं म्हणाल तेव्हा सुरसागर तळ्याकडे बघून त्या मुलाला आठवा.

मागे राहिलेलं भरून काढायला तितकीच वर्षं लागत नाहीत, हे युद्धातून उठलेल्या देशांनी करून पाहिलं आहे. सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ यादवी चालली. शांतता झाली तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची अशी मुलं होती ज्यांनी शाळा पाहिली नव्हती. त्यांना पहिलीच्या बाकावर चिमुरड्यांबरोबर कोण बसवणार? तिथे सहा वर्षांचा प्राथमिक अभ्यासक्रम तीन वर्षांत बसवणारे वर्ग काढले गेले. मोठं मूल भराभर शिकतं, कारण जग त्याने पाहिलेलं असतं. व्याज त्याला कर्जातून कळतं, टक्केवारी दुकानातून. तुमच्या मुलीच्या वडिलांचं दुकान आहे ना, मग नफा-तोटा एका तासात उरकेल. उरलेला वेळ बीजगणिताला द्या.

त्याच देशातली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. थेरेसा बेटनकोर्ट नावाच्या संशोधक बाई २००२ पासून तिथल्या युद्धात सापडलेल्या मुलांचा माग ठेवत आल्या आहेत. त्यांतली कित्येक मुलं सैनिक म्हणून वापरली गेलेली. पुढे कोण सावरलं आणि कोण नाही, हे बघताना त्यांना दिसलं की युद्धात काय भोगलं याइतकंच, परत आल्यावर घरच्यांनी आणि गावाने कसं स्वीकारलं यालाही वजन होतं. शाळेत टिकून राहण्यालाही. म्हणजे सगळा भार तुमच्या चारच्या तासावर नाही, हे ऐकून तुम्हाला बरं वाटावं. तिची आई काय करते तासाच्या वेळी? शेजारी बसते का? बसत असेल तर आईलाही एखादं उदाहरण घाला. घरात धाकट्या चुलत बहिणी असतील तर आज शिकलेलं त्यांना शिकव म्हणावं, घरातल्या घरात. शिकवलं की पक्कं होतं, हे तुम्हाला मी काय सांगू. पण यात आणखी एक आहे. आतापर्यंत सगळे तिला देतायत, भाऊ देतोय, तुम्ही देताय. ती कोणाला काही देते आहे असं एक तरी ठिकाण हवं. आणि तिच्या देशातल्या बायकांना हे नवं नाही. तालिबानच्या पहिल्या राजवटीत, १९९६ ते २००१ मध्ये, हेरात शहरात शिवणवर्गाच्या नावाखाली बायका जमून साहित्य शिकत होत्या. पिशवीत वर कापड, खाली वही.

कागदोपत्री उपयोग काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण भाऊ कधीतरी विचारेल. खरं तेच सांगा. भारत सरकारने अफगाण विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन पदवीच्या शिष्यवृत्त्या काढल्या, परदेशातली काही ऑनलाइन विद्यापीठंही अफगाण मुलींना मदत देतात. पण पदवीला बारावीचा दाखला लागतो, आणि हिचा रस्ता सातवीत तुटलाय. मधला पूल तुमच्या तासाने बांधला जाणार नाही, फार तर पूल मिळाला तर ती पाय न लटपटता चालेल. नेट बंद पडलं तर बीबीसीचा 'दर्स' म्हणजे 'धडा' नावाचा कार्यक्रम आहे, २०२३ पासून अकरा ते सोळा वर्षांच्या अफगाण मुलांसाठी, दारी आणि पश्तो दोन्हींत, रेडिओवरही. ती एक वर्षाने मोठी आहे, चालेल. भावाला त्याची वेळ शोधून ठेवायला सांगा.

भावाबद्दलही एक शब्द. तो वरच्या मजल्यावर राहतो, तुमचा भाडेकरू आहे आणि तुमचे त्याच्यावर उपकार आहेत. या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणूस 'ती बरी आहे' एवढंच बोलतो. त्याला रोज जिन्यात गाठून विचारू नका. खाली चहाला बोलवा आणि बहिणीचा विषय सोडून बोला. त्याची परीक्षा कधी आहे, तो जेवतो काय. तोही त्याच घरातला मुलगा आहे, फक्त तो निसटला आणि ती राहिली, हे त्याच्याही छातीवर असणार. झोप लागत नाही, मन लागत नाही असं काही बोलला तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर त्याला द्या, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत. आणि बहिणीने कधी तासात जिवाला धोका, जबरदस्तीचं लग्न असलं काही सांगितलं, तर 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊन बसू नका. 'हे मी एकटीने पोटात ठेवायचं नाही, कोणाला सांगितलेलं तुला चालेल?' असं तिलाच विचारा.

माफीचं काय, ते शेवटी. लांबलचक माफी मागू नका. आपली माफी लांबली की समोरच्याला आपली समजूत काढावी लागते, आणि ते काम तिच्यावर टाकू नये. भावामार्फत किंवा थेट, नेहमी जसं बोलता तसं, तीन ओळी पाठवा. हिंदी तुम्ही करालच :

'तो निबंध रद्द. विषय मी चुकीचा दिला, तू लिहायचा नाहीस. मंगळवारी चारला मी नेहमीसारखी बसले आहे, एकचल समीकरणांचं सहावं उदाहरण राहिलंय.'

उत्तराची वाट बघू नका. मंगळवारी चारला फोन उघडून बसा, पाच वाजेपर्यंत. नाही आली तर शुक्रवारी बसा. शेंगा सोला, पेपर वाचा, पण बसा. सहा आठवड्यांनीही नाही आली तर भावाला एवढंच सांगून ठेवा की वार आणि वेळ बदललेली नाही, आणि मग तुमची तुम्ही मोकळ्या.

आली तर निबंधाचा शब्द काढू नका. सहावं उदाहरण घ्या.

फी पैशात घेऊ नका, पण नको असंही म्हणू नका. फुकट शिकणाऱ्याला प्रश्न विचारायचा संकोच वाटतो, हे तुम्ही शिकवण्यांच्या काळात पाहिलं असेल. तासाची शेवटची पाच मिनिटं तिच्याकडून दारी शिका. ती बाई, तुम्ही विद्यार्थिनी, वहीत लिहून घ्यायचं आणि पुढच्या तासाला तिने विचारायचं, चुकलात तर तिने ओरडायचं. सुरुवात 'कसर' या शब्दाने करा. आपण त्याचा अर्थ उणीव असा करतो. तिच्या पुस्तकात तो अपूर्णांकांच्या धड्यावर छापलेला असेल, ती दाखवील.